दोन मिलिमीटर सैल

लोखंडी पाटी खाचेत बसली आणि हलली.

मोरिवाकी-सानांनी ती बाहेर काढली, खाचेत फुंकर मारली आणि परत बसवली. वरून बोट लावलं. टकटक असा बारीक आवाज आला.

"थंडीनं लोखंड आकसलं असेल," ते म्हणाले. "या हिवाळ्यात माझंही सगळं आकसलंय."

"तुझं होतं काय आकसायला?" फुसाए-सान मागून म्हणाल्या. शाळेच्या दारात जमलेले दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या हसायला लागले. माझी बायको कुंदाही हसली. मग तिनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.

मी खिशात हात घालून उभा होतो.

मोरिवाकी-सानांनी गावच्या मासिक पत्रकाचा एक कागद फाडला, त्याची बारीक घडी केली आणि पाटीच्या कडेला खुपसली. आता पाटी हलत नव्हती. "झालं," ते म्हणाले. "तेजु-चान मोठी होईल तशी बसेल आपोआप."

तेजू म्हणजे आमची मुलगी, तेजस्विनी. तेव्हा सहा वर्षांची होती. ती पाटीसमोर उभी राहून स्वतःचं नाव वाचत होती. वर जपानी अक्षरांत 'चोगुरे तेजु', कारण चौगुले त्यांना म्हणता येत नसे, आणि खाली देवनागरीत 'तेजू'. देवनागरीचा आग्रह मोरिवाकी-सानांचा. "या भिंतीवर असं अक्षर कधी लागलेलं नाही," ते म्हणाले होते.

तो फेब्रुवारी २००२ चा शेवटचा रविवार होता. गावाचं नाव कुरोदानी. जपानच्या पश्चिमेला शिमाने प्रांत आहे, त्यातल्या डोंगरात.

मी मूळचा कोल्हापूरचा, फौंड्रीतला पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा. कुरोदानीच्या खाली नदीकाठी एक जुनी फौंड्री होती. त्यांचा पॅटर्नमेकर म्हातारा होऊन वारला आणि शिकायला कोणी तरुण मिळेना. शिकतील असे तरुण सगळे हिरोशिमाला, ओसाकाला, तोक्योला. शेवटी त्यांनी एका ओळखीतून मला बोलावलं. १९९८ च्या उन्हाळ्यात मी गेलो. पहिले आठ महिने फौंड्रीच्या खोलीवर एकटाच होतो. भात-आमटी करून खायचो, रविवारी कपडे धुवायचो. कुंदा आणि तेजू आल्या तेव्हा विमानतळावर कुंदा मला बघून म्हणाली, "माझ्याशिवाय बरंच अंगाला लागलंय तुमच्या."

मग आम्ही वर कुरोदानीत घर घेतलं. घर म्हणजे भाडं जवळजवळ नाहीच, रिकामी घरं पुष्कळ होती. गावाचं एक पत्रक दर महिन्याला घरोघर यायचं. त्यात शेवटी लोकसंख्या असायची. इतके पुरुष, इतक्या बायका, मागच्या महिन्यापेक्षा किती कमी. आम्ही आलो त्या महिन्यात २११ चे २१४ झाले. अधिकचं चिन्ह एकतीस वर्षांनी आलं होतं म्हणे. गावचे प्रमुख मोरिवाकी-सान. त्यांनी तो तुकडा कापून सभागृहात चिकटवला आणि घरोघर लाल चवळीचा भात वाटला. तो भात ते शुभकार्याला करतात.

कुंदा राजापूरकडची. तिच्या माहेरच्या वाडीत तिच्या लहानपणी एकवीस घरं होती, लग्न झालं तेव्हा सहा उघडी राहिली होती. कुरोदानी बघून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हे तर आमच्यासारखंच आहे. फक्त समुद्र नाही." मला वाटलं होतं तिला करमणार नाही. झालं उलटंच. शेजारच्या फुसाए-सान तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहायच्या. त्या आणि कुंदा एकमेकींची भाषा येत नसताना सहा महिने बोलत होत्या. मग भाषा आली. फुसाए-सानांनी तिला उमे नावाच्या आंबट फळांचं खारट लोणचं घालायला शिकवलं. कुंदानं त्यांना त्यावर हिंग-मोहरीची फोडणी दिली. गावभर ती फोडणी पसरली. दुसऱ्या वर्षी सभागृहात बायकांना शिकवायला कुंदाला बोलावलं. ती नऊवारी नेसून गेली. माहेरी ती शेवटची नऊवारी कधी नेसली होती, तिलाही आठवत नव्हतं.

आता पाटीचं सांगतो. कुरोदानीच्या शाळेची एक पद्धत होती. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावाची लोखंडी पाटी फौंड्रीत ओतायची, आणि शाळेच्या दारातल्या लाकडी चौकटीत बसवायची. सहावी झाली की मूल आपली पाटी घेऊन घरी जायचं. चौकटीत साठ खाचा होत्या. मी आलो तेव्हा तीन पाट्या होत्या, आणि नंतर तीन वर्षं एकही नवीन लागली नाही. येत्या मार्चमध्ये दोन मुलं सहावी होऊन जाणार, राहणार एक मुलगी. शिक्षण खात्यानं कळवलं होतं की या एप्रिललाही पहिलीत कोणी आलं नाही तर शाळा बंद, मुलीला बावीस किलोमीटरवरच्या शाळेत बसनं पाठवायचं.

गावात पहिलीच्या वयाचं मूल एकच होतं.

जानेवारीच्या शेवटी मोरिवाकी-सान आमच्याकडे आले, नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "चोगुरे-सान, पाटी यंदा तुम्हालाच करावी लागेल. बापानं मुलीची पाटी केली असं आजवर झालेलं नाही." मी हो म्हटलं. कुंदानं त्यांना चहा दिला. त्यांनी शाळेचं गाणं म्हणून दाखवलं. एकटीच नवी मुलगी, तिच्यासोबत गायला मुलं नाहीत, म्हणून गावातले सगळे म्हातारे दर रविवारी शाळेत जमून गाण्याचा सराव करत होते. गाणं सगळ्यांचं पाठ होतं. सगळे त्याच शाळेत शिकलेले. पण मधल्या कडव्यात दर वेळी भांडण व्हायचं.

त्या रविवारीही सराव झाला. म्हातारे लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले. मधल्या कडव्याला फुसाए-सान म्हणाल्या, "मोरिवाकी, तू साठ वर्षं चुकीचं म्हणतोयस."

"मी मास्तरांकडून शिकलोय."

"त्या मास्तरांना मीच शिकवलं होतं हे कडवं. वर्गात माझ्या मागे बसायचे."

तेजू त्यांच्या मधे उभी राहून दोघांच्या दोन्ही चाली म्हणून दाखवत होती. मी चौकटीकडे बघत नव्हतो.

घरी येताना कुंदा माझ्या दोन पावलं मागं चालत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ होता. तेजू पुढं पळत होती. आम्ही घरी आलो. कुंदानं कोतात्सू लावला. कोतात्सू म्हणजे बुटकं टेबल, खाली हीटर आणि वरून जाड गोधडी, त्यात पाय घालून बसायचं. तेजू अर्ध्या तासात तिथंच झोपली. दुपारचे तीन वाजले असतील.

"पाटी सैल का बसली?" कुंदानं विचारलं.

"खाच जुनी हाय. झिजली असंल."

"मोरिवाकींनी शेजारची पाटी काढून त्याच खाचेत घालून बघितली. ती घट्ट बसली. तुम्ही तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतात."

मी गोधडीत पाय आणखी आत घातले.

"तुम्ही साधी पट्टी वापरलीत," ती म्हणाली.

हे जरा समजावून सांगतो. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा असतो. त्यासाठी आमची मापपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरा मोठा असतो, मग हिशोब करावा लागत नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं की साध्या पट्टीला कामाच्या टेबलावर जागा नाही. कोल्हापुरात कुंदानं एकदा माझ्या पट्टीनं खिडकीच्या पडद्याचं कापड मोजलं आणि पडदा लांब झाला. मी तिला तेव्हा तासभर बोललो होतो. ती पट्टी तिला चांगली माहीत होती.

पाटी वीस सेंटिमीटर लांब. साध्या पट्टीनं केली तर दोन मिलिमीटर कमी भरते.

"तेरा वर्षं बघतेय मी तुम्हाला," ती म्हणाली. "ताप असला तरी हे चुकत नाही तुमच्याकडून. काय चाललंय मनात?"

मग मी सांगितलं. नागोयाजवळच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी पक्की झाली होती. जानेवारीत मी नमुने दाखवायला म्हणून गेलो होतो, तेव्हाच सही करून आलो होतो. एक एप्रिलला हजर व्हायचं. सातव्या मजल्यावर घर, समोरच शाळा, शाळेत आठशे मुलं. कारखान्यात पुण्याकडचं एक कुटुंबही होतं.

"जानेवारीत," कुंदा म्हणाली.

"वीस तारखेला."

"मोरिवाकी पाटीचं सांगायला आले त्याच्या आधी."

"व्हय."

"आणि तुम्ही पाटी केलीत."

"नाही म्हणायला तोंड झालं नाही."

ती बराच वेळ तेजूच्या केसांतून हात फिरवत बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"फुसाए-सानांची नात हिरोशिमाला असते," ती म्हणाली. "सात्सुकी. तिची मुलगी चार वर्षांची आहे. ती नवऱ्याला घेऊन इथं यायला तयार आहे. दोन वर्षांनी, मुलीची शाळा सुरू होताना. शाळा असली तर. नसली तर नाही येणार. फुसाए-सान मला रोज सांगतात. खोली रंगवून घेतलीय त्यांनी."

"त्याला मी काय करू? हे गाव संपणारच हाय कुंदा. एका पोरीनं काय थांबणार हाय?"

"संपणार आहे तर संपू दे. पण आपण का संपवायचं? आमच्या वाडीत प्रत्येक जण हेच म्हणून गेला. माझ्या एकट्याच्या जाण्यानं काय होतंय."

"तेजू म्हाताऱ्यांत वाढतेय. सत्तर वर्षांच्या बायांसारखं बोलतेय. तिच्या वयाचं एक पोर नाही आसपास."

"ते खरं आहे," ती म्हणाली. "ते मलाही दिसतं." मग म्हणाली, "तुम्ही जा. नोकरी चांगली आहे, सोडू नका. मी आणि तेजू इथं राहतो. दोन वर्षं फक्त. सात्सुकी आली की आम्ही येतो तुमच्याकडे. महिन्यातून एकदा तुम्ही या, एकदा आम्ही येऊ. इथं किती जणांचे नवरे असे राहतात. यांच्या भाषेत त्याला एक शब्दच आहे."

मला ते अपेक्षित नव्हतं. ती रडेल, भांडेल, मग तयार होईल, असं मी धरून चाललो होतो. तिनं आधीच सगळा विचार करून ठेवला होता. बहुतेक शाळेतून घरी येतानाच केला असावा. तिनं काही वावगं मागितलेलं नव्हतं. म्हणूनच मला राग आला.

मी म्हटलं, "तुला इथं लोक कोणीतरी समजतात म्हणून राहायचंय. नऊवारी नेसून लोणची शिकवतेस. नागोयात तुला कोण विचारणार हाय, ते तुला माहीत हाय."

हे मी बोललो. तेजू झोपेत कुशीवर वळली. कुंदानं गोधडी तिच्या पायांवर ओढली.

"हो," ती म्हणाली. "समजतात. वाईट आहे का ते?"

मी हरलो होतो, हे मला कळत होतं. दोन वर्षं म्हणजे काय मोठं नव्हतं. आमच्या फौंड्रीतले अर्धे लोक गावी बायका ठेवून कोल्हापुरात राहायचे. मी एवढंच कबूल करत नव्हतो की माझ्याशिवाय तिचं ठीक चालेल, आणि मी नसताना तिला करमेल. तेव्हा मी शेवटची गोष्ट बोललो.

"मला एकट्याला राहता येत नाही, कुंदा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. मग ती उठली, आत गेली, तांदूळ धुवायचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हात ओले होते.

"बरं," ती म्हणाली. "जाऊ या. पण मोरिवाकींना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. फुसाए-सानांना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला जायच्या आधी मोरिवाकी-सानांकडे गेलो. ते अंगणात ओकच्या ओंडक्यांना भोकं पाडत होते. त्या भोकांत अळंबीच्या बियाण्याच्या खुंट्या ठोकतात. मग ओंडके सावलीत रचून ठेवायचे. अळंबी यायला दोन वर्षं लागतात. मी सांगायला सुरुवात केली तसं त्यांनी ड्रिल बंद करून खाली ठेवलं आणि माझं पूर्ण होईपर्यंत उभे राहिले.

"कधी ठरलं?"

"जानेवारीत."

"म्हणजे मी पाटीचं सांगायला आलो तेव्हा ठरलेलं होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली. "मग ती पाटी करायला अवघड गेलं असेल तुम्हाला," ते म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागायला वाकलो तर तेही वाकले. म्हणाले, एका लहान मुलीवर आम्ही फार ओझं टाकलं, आम्हीच माफी मागायला हवी. मग त्यांनी विचारलं, नागोयाच्या घरात हीटर चांगला आहे का. मी म्हटलं आहे. ते म्हणाले, छान. मग त्यांनी खाली ठेवलेलं ड्रिल उचललं.

"पाटीचं काय करायचं?" मी विचारलं. "परत घेऊन जाऊ?"

"सहावी झाल्यावर न्यायची असते," ते म्हणाले. "तेजु-चानची पहिलीपण झालेली नाही. राहू दे तिथंच."

फुसाए-सानांकडे कुंदा दुपारी गेली आणि संध्याकाळी आली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

शेवटचा महिना कुंदा रोजच्यासारखीच वागली. उमेच्या बरण्या बाहेर काढून पुसून ठेवल्या, ज्याच्या त्याला परत दिल्या. रविवारी गाण्याचा सराव बंद झाला. तीस मार्चला सकाळच्या बसनं आम्ही निघालो. गाव सोडल्याची नोंद आदल्या दिवशी केली होती. थांब्यावर सगळे आले होते. ते गाणं म्हणतील अशी मला भीती वाटत होती. नाही म्हटलं. फुसाए-सानांनी कुंदाच्या हातात एक बरणी दिली आणि म्हणाल्या, "फोडणी तिकडे गेल्यावर घाल. प्रवासात सांडेल." कुंदा हो म्हणाली. दोघी एवढंच बोलल्या. मोरिवाकी-सान तेजूला म्हणाले, "मोठ्या शाळेत गेलीस की मधलं कडवं माझ्या चालीनं म्हण." फुसाए-सानांनी त्यांना कोपर मारलं.

एप्रिलचं पत्रक फुसाए-सानांनी आम्हाला नागोयाला पाठवलं होतं. त्यात मागच्या महिन्यापेक्षा तीन कमी होते. त्या महिन्यात गावात कोणी वारलं नव्हतं. ते तीन आम्हीच. खाली दोन ओळींत शाळा बंद झाल्याची सूचना होती.

नागोयात तेजूचं उत्तम झालं, हे मला सांगितलं पाहिजे. आठशे मुलांत ती रमली. ती आज तोक्योला एका मोठ्या कंपनीत आहे. माझंही काम चांगलं चाललं. कुंदा सातव्या मजल्यावर राहिली. पहिल्या वर्षी तिनं बाल्कनीत मेथी लावली. शेजारणीला हिंगाच्या वासाचा त्रास होतो अशी चिठ्ठी खाली फळ्यावर लागली, तेव्हापासून फोडणी देताना ती खिडक्या लावून घ्यायची. नऊवारी पेटीतून बाहेर आली नाही. माझ्यावर ती कधी चिडली नाही. कुरोदानीचं नाव आमच्यात निघत नसे. सात्सुकी आली नाही. फुसाए-सानांची उमेची बरणी दर जुलैला पोस्टानं यायची. २००९ च्या जुलैला आली नाही. कुंदानं ऑगस्टपर्यंत वाट बघितली, मग जुनी बरणी घासून पालथी घातली.

२०१३ मध्ये आम्ही दोघं कोल्हापूरला परत आलो.

तेजू २०१९ मध्ये एकदा कुरोदानीला जाऊन आली. तिथून तिनं फोन केला. गावात एकसष्ट माणसं राहिली होती. मोरिवाकी-सान अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले होते, शाळेची किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. त्यांनी तिला दार उघडून दिलं. तेजू म्हणाली, "आई, माझी पाटी आहे इथं. एकटीच आहे. बाकीच्या सगळ्यांनी नेल्या."

फोन कुंदाच्या हातात होता. मी शेजारी बसलो होतो.

"कागद आहे का गं कडेला?" कुंदानं विचारलं.

"पिवळा पडलाय. काढला तर भुगा होईल."

"मग काढू नको. पण बोट लावून बघ. हलते का?"

थोड्या वेळानं तेजू म्हणाली, "हलते."

कुंदा हसली. माझ्याकडे बघितलं नाही. फोन ठेवून आत गेली.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणात, ती गेली. स्वादुपिंडाचा आजार, कळला तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात एकवीस दिवस होती. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी मी तिच्याजवळ बसून मोसंबी सोलत होतो. ती डोळे मिटूनच म्हणाली, "तेजूकडे जाऊन राहू नका. तिला जागा पुरत नाही तिथं. इथंच राहा."

"बघू नंतर."

"जमेल तुम्हाला. स्वयंपाक येतो, कपडे येतात."

"मला एकट्याला नाही जमणार," मी म्हटलं. या वेळी मी मनापासून बोललो होतो.

"जमतं की तुम्हाला," ती म्हणाली. "फौंड्रीच्या खोलीत आठ महिने राहिला होतात. चांगले जाड होऊन विमानतळावर आला होतात."

माझ्या हातातली मोसंबी तशीच राहिली.

"तुझ्या लक्षात हाय ते?"

"न राहायला काय झालं?"

"आणि त्या दिवशी? कोतात्सूपाशी मी तुला म्हटलं, तेव्हा?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, अगदी त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"तेव्हाही होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, मग नागोयाला आलीस कशाला. तिनं मोसंबीकडे बघितलं. मी परत विचारलं. ती म्हणाली, "फोडी बारीक करा. मला गिळता येत नाही."

मी फोडी बारीक केल्या.